माळ्यावरचा रेडिओ उतरवताना

(मंडळाच्या गणेशोत्सवात सायंआरतीनंतर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दरवर्षी इथे कोणी संतसाहित्यावर बोलतं, कोणी मधुमेहावर. यंदा सचिवांनी आम्हाला धरलं. म्हणाले, "तुम्ही ते जुने रेडिओ दुरुस्त करता ना, त्यावरच बोला. पण अर्ध्या तासात आटपा, पुढे मुलांची नाटिका आहे." आम्ही पडलो सरकारी नोकर, उपयंत्री. अर्ध्या तासात आटपलेली बैठक आम्ही नोकरीत पाहिलेली नाही. तरी प्रयत्न करतो.

विषय सुचला तो गेल्या वर्षीच्या महालक्ष्म्यांत. प्रसादाला फिरताना तीन घरांत आरासीमध्ये जुने लाकडी रेडिओ मांडलेले दिसले. दोन नुसते शोभेचे होते. तिसऱ्याची वायर बोर्डात लावलेली होती आणि घरातली लहान मुलगी पुढ्यात बसून बटण फिरवत होती. आम्ही हातातलं ताट बाजूला ठेवलं आणि आधी पिन काढली. घरच्यांना आमचं वागणं विचित्र वाटलं असणार. ते आज समोर बसले आहेत. त्यांची माफी मागतो, आणि पिन का काढली ते सांगतो.

आमचं घर पांढुर्ण्याचं, आजोळ सौंसरकडचं. आजोबांनी व्हॉल्व्हचा रेडिओ घेतला तेव्हा बाबा चौथीत होते. तो ओसरीत एका फळीवर असे, त्यावर आजीने विणलेला रुमाल, आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत टांगलेली तांब्याच्या जाळीची एरियल. आम्हाला कळायला लागलं तोवर घरात ट्रान्झिस्टर आला होता आणि मोठा रेडिओ मुका झाला होता. पुढे आम्ही विद्युत शाखेचा डिप्लोमा केला. डिप्लोमा हातात पडल्यावर माणसाला जगातली प्रत्येक वायर आपलीच वाटते. एका दसऱ्याला, म्हणजे चोवीस-पंचवीस वर्षांपूर्वी, आम्ही तो रेडिओ उघडला, धूळ झटकली, एक तुटलेली वायर जोडली, डाग दिला आणि पिन लावली. अर्ध्या मिनिटात खरखर आली, मग गाणं आलं. गल्लीतली माणसं ओसरीवर जमली. आमची छाती फुगली.

खंडेनवमीला घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा झाली होती, रेडिओ तेवढा राहिला होता. आई नुकतीच पुसलेल्या ओल्या फरशीवर अनवाणी आली, हळदीकुंकवाचं बोट लावायला. एका बटणाची बेकेलाइटची टोपी हरवलेली होती, लोखंडी दांडी उघडी होती. आईचं बोट दांडीला लागलं. ती ओरडलीसुद्धा नाही. मागे फेकली गेली, कोपर चौकटीवर आपटलं. दोन बोटांना डाग पडले, कोपराची दुखापत महिनाभर राहिली. देवाची कृपा एवढीच, की ती मागे फेकली गेली. चिकटून राहिली असती तर आज आम्ही इथे हा विषय घेऊन उभे राहिलो नसतो.

आणि या सगळ्यात रेडिओ उत्तम वाजत होता. त्याच्यात काही बिघाड नव्हता. तो ज्या पद्धतीने बनवला होता त्या पद्धतीनेच वागला. चूक डिप्लोमावाल्याची होती. बाबांनी त्याच संध्याकाळी रेडिओ माळ्यावर टाकला आणि म्हणाले, "माझ्या डोळ्यांदेखत हा पुन्हा लागायचा नाही."

आता थोडं मागे जाऊ, कारण हे रेडिओ आपल्या घरांत इतके का जपले गेले हे तरुणांना ठाऊक नसेल. नागपूरचं रेडिओ केंद्र १६ जुलै १९४८ ला सुरू झालं. तेव्हा नागपूर हीच आपली राजधानी होती. मग १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नव्याने आखली गेली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आपण मध्यप्रदेशात राहिलो. कचेरी भोपाळला गेली, शाळेतलं पुस्तक हिंदी झालं. पण संध्याकाळी सुई फिरवली की नागपूर पूर्वीसारखंच लागत होतं. मराठी बातम्या, शेतकऱ्यांचा कार्यक्रम, संत्र्यावरच्या रोगाची माहिती, कीर्तन. आमच्या बाबांचं मराठी शाळेने नाही राखलं, त्या पेटीने राखलं. सरहद्दीवरच्या घरात रेडिओ म्हणजे नुसती करमणूक नव्हती.

करमणूकही होतीच म्हणा. १९५२ च्या सुमारास आपल्या रेडिओवर सिनेमाची गाणी जवळजवळ बंद झाली होती. खात्याचे मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, म्हणजे आपलेच मराठी, शास्त्रीय संगीताचे कडवे भक्त. लोकांनी सरळ सुई सिलोनकडे वळवली. तिकडे त्याच वर्षाच्या अखेरीला बिनाका गीतमाला सुरू झाली आणि अमीन सायानींचा आवाज बुधवारी रात्री घरोघरी घुमू लागला. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला आकाशवाणीला विविध भारती काढावी लागली. सिलोन लागायचं शॉर्टवेव्हवर, म्हणून त्या काळच्या सेटवर शॉर्टवेव्हचे दोन-दोन, तीन-तीन पट्टे असत. ठाण्याच्या कारखान्यातला मर्फी, टाटांच्या कंपनीचा नॅशनल एको, फिलिप्स, बुश ही नावं इथल्या म्हाताऱ्या मंडळींना नातेवाइकांसारखी आठवतील. रेडिओ ठेवायला पोस्टातून परवाना काढावा लागे. ट्रंकेच्या तळाशी ते पुस्तक सापडलं तर फेकू नका, रेडिओबरोबरच ठेवा.

बरं, तो शॉक बसला कसा?

त्या काळी सगळीकडे आजच्यासारखी एसी वीज नव्हती. काही शहरांत डीसी होती. कलकत्त्यात तर फार वर्षं होती. डीसीवर ट्रान्सफॉर्मर चालत नाही. म्हणून कंपन्यांनी दोन्हींवर चालणारे, बिनट्रान्सफॉर्मरचे सेट काढले. स्वस्तही पडत. त्यात व्हॉल्व्हच्या आतल्या तापणाऱ्या तारा एकापुढे एक जोडलेल्या असतात. गणपतीपुढची जुनी बल्बांची माळ आठवा. एक बल्ब गेला की सगळी माळ विझायची. तसंच हे. आमच्या सेटमध्ये चार व्हॉल्व्ह. यूसीएच ८१ ला १९ व्होल्ट, यूबीएफ ८९ ला १९, यूसीएल ८२ ला ५०, यूवाय ८५ ला ३८. बेरीज १२६. घरात येतात २३०. उरलेले शंभरेक व्होल्ट एक जाडजूड रेझिस्टर तापून तापून खातो. म्हणूनच हे सेट पाठीमागून चुलीसारखे गरम होतात.

आता मुख्य गोष्ट ऐका. या सेटमध्ये लोखंडी सांगाडा, ज्याला आम्ही चासी म्हणतो, तो विजेच्या दोन तारांपैकी एकीला थेट जोडलेला असतो. पिन दोन काड्यांची, कशीही लागते. एका बाजूने लावली तर सांगाड्यावर न्यूट्रल येतो, उलटी लावली तर फेज. मग बटणाची दांडी, खालचे स्क्रू, मागची एखादी पट्टी, सगळ्यांत २३० व्होल्ट. हे कारखानदारांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी बटणं बेकेलाइटची केली, ती आवळण्याचा बारीक स्क्रू मेणाने बुजवला, मागे पुठ्ठ्याचं झाकण लावलं. पन्नास-साठ वर्षांत मेण गेलं, झाकण उंदरांनी खाल्लं, बटण मुलांनी हरवलं. संरक्षण तेवढं गेलं आणि वीज राहिली.

काही जण म्हणतात, आम्ही टेस्टरने बघून पिन बरोबर बाजूने लावतो. त्यांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली, बोर्डातली न्यूट्रल तार कधी सैल झाली तर तीच फेज होते. दुसरी गोष्ट पुष्कळ मिस्त्रींनाही माहीत नसते. काही सेटमध्ये चालू-बंदचं बटण सांगाड्याच्या बाजूच्या तारेत असतं. ते बंद केलं की व्हॉल्व्हच्या माळेतून फिरून फेज सांगाड्यावर येतो. म्हणजे रेडिओ बंद, दिवा विझलेला, आणि सांगाडा जिवंत. बटण बंद आहे या भरवशावर पुसायला घ्याल तर फसाल. बंद म्हणजे पिन बोर्डाबाहेर आणि वायर डोळ्यांसमोर.

असा रेडिओ दोनशेच्या आसपास मिलिअँपिअर घेतो. छातीतून त्याच्या चौथाई प्रवाह गेला तरी माणसाच्या हृदयाचा ठेका बिघडू शकतो. भीती घालायला सांगत नाही, हिशोब सांगतो.

तुमचा सेट कोणत्या जातीचा हे कसं ओळखायचं? पिन काढून ठेवा, मागचं झाकण उघडा आणि व्हॉल्व्हवरची अक्षरं वाचा. नाव 'यू' ने सुरू होत असेल तर तो आमच्यासारखा बिनट्रान्सफॉर्मरचा समजा. 'ई' ने सुरू होत असेल, ईसीएच ८१, ईएल ८४ वगैरे, तर बहुधा ट्रान्सफॉर्मर आहे आणि तो सेट जरा सज्जन. पण बहुधाच, ई व्हॉल्व्ह असूनही एकाच वेटोळ्याचा ऑटो ट्रान्सफॉर्मर असलेले सेट निघतात, ते तितकेच वाईट. म्हणून अक्षरांवर थांबू नका. पिन बाहेरच ठेवून, रेडिओचं बटण चालू करून मल्टीमीटर ओहमवर लावा. एक टोक सांगाड्याला, दुसरं पिनच्या एकेका काडीला. कुठल्याही काडीशी सरळ जोड दाखवली, की तो सेट थेट बोर्डात लावायचा नाही. हा विषय तिथेच संपला.

मग लावायचा कसा? आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवर. २३० आत, २३० बाहेर, पण दोन वेटोळी एकमेकांपासून पूर्ण वेगळी. रेडिओला १०० ते १५० व्हीए पुरे. वाइंडिंगवाल्याकडे करून मिळतो, फक्त त्याला दोनदा सांगा की दोन्ही वेटोळी वेगळी हवीत, कारण तो सवयीने स्टॅबिलायझरचा ऑटो ट्रान्सफॉर्मर बनवून देईल. घरातला स्टॅबिलायझर किंवा डिमरस्टॅट यांनी व्होल्टेज कमी-जास्त होतं, माणूस वाचत नाही. घरच्या मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी जरूर बसवा. पण लक्षात ठेवा, आयसोलेशनच्या पलीकडे ती आंधळी असते. तिथे एका ठिकाणी हात लागला तर काही होत नाही. दोन हातांनी दोन ठिकाणी धरलं तर ट्रान्सफॉर्मरही वाचवत नाही आणि आरसीसीबीही पडत नाही. म्हणून जुने मिस्त्री डावा हात पाठीमागे ठेवून काम करत. आम्हाला आधी ते रुबाबासाठी वाटायचं.

बाबा निवृत्त झाले, त्यांना कमी ऐकू येऊ लागलं. एका पावसाळ्यात एकदम म्हणाले, "ते नागपूर स्टेशन अजून आहे का रे?" आम्ही समजलो. माळ्यावर चढलो. रेडिओत पालीची अंडी, उंदराचं घरटं आणि एक जुनं चार आण्याचं नाणं निघालं. आईने स्वयंपाकघरातूनच विचारलं, "कशाला उतरवता?" आम्ही सांगितलं, या वेळी पिन लावायला सहा महिने लागतील. खरं म्हणजे आठ लागले.

यातला बहुतेक वेळ कंडेन्सरमध्ये गेला. लोकांना वाटतं जुना रेडिओ म्हणजे व्हॉल्व्ह गेला असणार. दुकानातही पहिली गोष्ट व्हॉल्व्ह विकण्याचीच करतात. आमचा अनुभव उलटा. व्हॉल्व्ह, मग तो परदेशी असो की बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा, फार चिवट वस्तू. नासतात ते कंडेन्सर. आत कागद असतो, वरून मेण. साठ पावसाळे खाल्ले की कागद ओल धरतो आणि जी वीज अडवायची तीच झिरपू देतो. त्यातला एक फार घातकी, शेवटच्या मोठ्या व्हॉल्व्हच्या आधी बसलेला, बहुधा ०.०१ मायक्रोफॅरडचा. तो झिरपला की मोठा व्हॉल्व्ह बेफाम ओढू लागतो, त्याची पत्र्याची बाही लाल होते, आणि मग आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो, जो आता मिळणं कठीण. "माळ्यावरून काढला, लावून पाहिला, पाच मिनिटं वाजला आणि धूर आला" ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ती या कंडेन्सरची. म्हणून पिन लावण्याआधी तो बदलायचा, ६३० व्होल्टचा पॉलिएस्टर घालायचा. सीताबर्डीत सहज मिळतो.

दुसरे ते मोठे ॲल्युमिनियमच्या डबीतले, फिल्टरचे. त्यांच्यात अडीचशे-तीनशे व्होल्ट साठतात आणि पिन काढल्यावरही राहू शकतात. पेचकसाने ठिणगी पाडून रिकामे करण्याची पद्धत मर्दानी दिसते, पण ती सोडा. १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर, दोन्ही टोकांना चांगलं इन्सुलेशन, दहा सेकंद लावून धरायचा, मग मीटरने शून्य आलं का पाहायचं, मगच हात. बदलताना आहे तेवढ्याच मापाचा घाला. जास्त मोठा घातला तर घरघर कमी होईल असं वाटतं, पण रेक्टिफायर व्हॉल्व्हला तो झटका सोसत नाही. जुनी डबी जागेवरच ठेवा, नुसत्या तारा सोडवा आणि नवे कंडेन्सर खाली लपवा. पाहणाऱ्याला रेडिओ आजोबांचाच दिसला पाहिजे.

विजेच्या दोन तारांमध्ये आणि एरियल-अर्थच्या वाटेवर जे छोटे कंडेन्सर असतात, त्यांच्या जागी साधे घालू नका. तारांमध्ये एक्स २ लिहिलेला, एरियल आणि अर्थकडे वाय २ लिहिलेला. एरियलची जाळी सगळ्या खोलीभर लोंबते. तिच्यात सांगाड्याची वीज उतरली तर काय होईल ते सांगायला नको. आणि बिनट्रान्सफॉर्मरच्या सेटच्या सांगाड्याला घरचं अर्थिंग कधी जोडायचं नाही. ट्रान्सफॉर्मरवाल्या सेटला मात्र तीन काड्यांची पिन लावून जरूर जोडायचं. हा फरक समजला नसेल तर सेट उघडूच नका, आम्हाला विचारा. रबराची वायर हाताने चुरा होत असेल तर ती पूर्ण बदला, टेप गुंडाळू नका. फेजवर ५०० मिलिअँपिअरचा फ्यूज घाला. गरम रेझिस्टरच्या वर पांढऱ्या-करड्या पुठ्ठ्यासारखं काही लावलेलं असेल तर ते ॲस्बेस्टॉस असू शकतं. खरवडू नका, फुंकू नका, आहे तिथे राहू द्या.

हे सगळं झाल्यावर पहिल्यांदा वीज द्यायची ती सिरीज बोर्डवरून, ६० वॅटचा जुना तारेचा बल्ब रेडिओच्या आधी एकापुढे एक जोडून. एलईडी बल्ब चालत नाही. तारेचे बल्ब आता दुर्मिळ होत चाललेत, दिसले की दोन-चार घेऊन ठेवा. बल्ब आधी जोरात पेटून हळूहळू मंद झाला तर ठीक. तसाच प्रखर राहिला तर आत कुठे शॉर्ट आहे, ताबडतोब पिन काढा. पण हा बल्ब रेडिओला वाचवतो, तुम्हाला नाही. सिरीजमध्ये असतानाही सांगाडा तितकाच जिवंत असतो. आणि ही सगळी कामं घरात दुसरं मोठं माणूस जागं असताना करायची. त्याला मेन स्विच कुठे आहे ते दाखवून ठेवायचं. आमच्याकडे हे काम आमच्या सौभाग्यवती करतात आणि त्या वेळात आमच्या इतर चुकाही मोजतात.

सौंसरकडच्या मामांच्या सेटची गोष्ट वेगळी. त्यांच्या गावात तेव्हा वीज नव्हती, म्हणून बॅटरीचा सेट. छोट्या गाडीने, म्हणजे आपल्या नॅरोगेजने, नागपूरहून येताना मामा मांडीवर बॅटरीचा मोठा खोका घेऊन बसत. ती गाडी २०१५ साली बंद झाली, खोके त्याच्या फार आधी. मामेभावाने विचारलं, मोबाईलच्या चार्जरवर चालेल का? नाही चालणार. या सेटमध्ये 'डी' ने सुरू होणारे व्हॉल्व्ह, डीके ९६ वगैरे. त्यांच्या तारांना लागतात जेमतेम १.४ व्होल्ट आणि वरच्या कामाला ९० व्होल्ट. उपाय सोपा निघाला. नऊ व्होल्टच्या दहा छोट्या बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या, झाले ९०. तारांसाठी टॉर्चचा एक मोठा सेल. चारही व्हॉल्व्ह मिळून १२५ मिलिअँपिअरच घेतात. जोडताना तारा उलटसुलट झाल्या तर ९० व्होल्ट नाजूक तारांत जाऊन चारही व्हॉल्व्ह डोळ्यांचं पातं लवायच्या आत जातात. म्हणून दोन जोड्यांना दोन वेगळ्या आकाराचे सॉकेट लावले. घरी पहिल्यांदाच हे काम करून पाहायचं असेल आणि असा सेट हाती असेल, तर सुरुवात त्यावर करा. ९० व्होल्टचाही चटका बसतो, पण घराची वीज त्यात कुठेच नाही.

एक कबुली द्यायची राहिली. रेडिओच्या काचेवर स्टेशनांची नावं असतात, ती काचेच्या आतल्या बाजूला छापलेली असतात. आम्ही सगळी विद्युत काळजी घेतली आणि शेवटच्या दिवशी काच ओल्या फडक्याने आतून पुसली. दिल्ली, मुंबई राहिले. नागपूरचं 'पूर' फडक्यावर आलं. आता आमच्या रेडिओवर नुसतं 'नाग' आहे. बाबा नातवंडांना सांगतात, नागपंचमीला पुजायचा तो हाच. काच आतून पुसायची नाही, कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटकायची, बस.

काही तरुण विचारतात, आतलं सगळं काढून ब्लूटूथचं किट टाकलं तर? आमच्या मनाला पटत नाही. पण जिवंत सांगाड्याचा रेडिओ लहान मुलांच्या घरात जसाच्या तसा लावण्यापेक्षा ते हजार पटीने बरं. फक्त काढलेला सांगाडा भंगारात देऊ नका. खोक्यात घालून, वर नाव लिहून माळ्यावर ठेवा. पुढच्या पिढीत कोणी वेडा निघेल. आणि ज्यांना हे दोन्ही करायचं नाही त्यांनी वायर मुळापासून कापून टाकावी आणि रेडिओ खुशाल आरासीत मांडावा. मुका रेडिओही छान दिसतो.

आमचा रेडिओ लागला तो गणपतीतच. रात्रीची वेळ. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर खालच्या पेटीत कायमचा बसवलेला, सगळ्या बटणांना टोप्या, मागे नवं झाकण. बाबा खुर्चीवर, आई पलीकडच्या दाराशी उभी. व्हॉल्व्ह तापले, आवाज आला, पण नुसता घर्र घर्र. सुई या टोकापासून त्या टोकापर्यंत नेली, सगळीकडे तेच. आठ महिन्यांच्या कामावर पाणी पडलं असं वाटलं. मग मुलीच्या लक्षात आलं. ती उठली आणि गणपतीपुढची एलईडीची माळ बंद केली. अर्धी घरघर गेली. मग ट्यूबलाइट, मग इन्व्हर्टर, मग सगळ्यांचे चार्जर. शेवटी समईच्या उजेडात बसलो तेव्हा ५८५ किलोहर्ट्झवर, जुन्या हिशोबाने ५१३ मीटरवर, 'नाग' च्या जागी नागपूर लागलं. काय कार्यक्रम होता ते आम्हाला नीट आठवत नाही, बहुधा बातम्या संपून काहीतरी सुरू झालं होतं. बाबांनी कान लाकडाला टेकवला. त्यांना आवाजापेक्षा पेटीची थरथर कळत असावी.

आईने त्यानंतरही रेडिओला हात लावलेला नाही. दसऱ्याला हळदीकुंकू लावायची वेळ आली की आधी विचारते, "पिन काढली का?" आम्ही पिन हातात धरून तिला दाखवतो. मग ती लांबूनच अक्षता टाकते. आम्ही तिला आग्रह करत नाही.

सचिव घड्याळाकडे बघताहेत, नाटिकेतला उंदीर केव्हाचा तयार होऊन उभा आहे. तेव्हा एवढंच. ज्यांच्या घरी असे रेडिओ आहेत त्यांनी विसर्जनानंतरच्या कुठल्याही रविवारी सकाळी आमच्याकडे घेऊन यावे. मीटर लावून सेट कोणत्या जातीचा ते आम्ही सांगू, पैसे नाहीत. हरवलेली बटणं, परवान्याचं पुस्तक, सुटे पडलेले स्क्रू, जे सापडेल ते पिशवीत घालून आणा. मागचं झाकण नसेल तर पुठ्ठा आणा, आपण तिथेच कापू. आणि घरून निघताना "चालतो का ते एकदा बघूया" म्हणून पिन लावू नका. वायर गुंडाळून वर दोरा बांधून आणा.